घरात तुझी फार…

बेहाला, कोलकाता
९ जून २०२५

ताई,

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरचा पत्ता अलकामावशीने दिला नाही. कराडच्या शाळेचं नावसुद्धा तिने बरेच आढेवेढे घेऊन सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्या फोनवर माझा आणि आईचा, दोन्ही नंबर ब्लॉक आहेत. ईमेलला उत्तर येत नाही. तेव्हा पोस्टाशिवाय मार्ग उरला नाही. रजिस्टर पाकिटावर तिकीट किती रुपयांचं लावायचं हेही मला खिडकीवर विचारावं लागलं.

सरळ मुद्द्यावर येते.

गेल्या वर्षी जानेवारीत तू पुण्याचं घर सोडलंस, त्या दिवशी आईला मेसेज केला होतास : ‘मी निघाले. आता सलीलकडे परत जाणार नाही. काही दिवस घरी येऊ का?’ त्यावर आईच्या फोनवरून तुला उत्तर आलं : ‘घरात तुझी फार अडचण होते.’ त्यानंतर तू आमच्याशी बोलली नाहीस. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. तू सलीलला सोडलंस हे आईने मला नंतर सांगितलं, आणि ‘आभाने फोन बंद करून टाकलाय, तिला कोणाशी बोलायचं नाही’ असंही सांगितलं. दोन्ही मेसेज मी आत्ता पाहिले, आईचा जुना फोन नव्या फोनवर उतरवून घेताना.

मला वाटतं ही चूक आईची नाही, कीबोर्डची आहे.

तुला माझं काम नीट माहीत नसेल. सॉल्ट लेकमध्ये, सेक्टर फाइव्हला, एका कंपनीत आहे. आम्ही बोललेलं टाइप करणारा कीबोर्ड बनवतो. त्याचं नाव ‘कथा’. बंगालीत कथा म्हणजे बोलणं. मराठी माणसाला हे नाव ऐकून गोष्टींचं ॲप वाटेल, असं मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं. उपयोग झाला नाही. मराठीचं काम माझ्याकडे आहे, कारण मराठी बोलणारी ऑफिसात मी एकटी. आईची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत, तिला टाइप करता येत नाही. म्हणून कथाची चाचणीची आवृत्ती मीच तिच्या फोनवर टाकून दिली आणि माइकचं बटण दाबून बोलायला शिकवलं. तुला आलेला तो मेसेज तिने टाइप केलेला नाही. ती बोलली आणि कथाने लिहिला.

यंत्राची ज्या शब्दांत गल्लत होते ते शब्द आम्हाला पाठ असतात. मराठीत माहेर आणि बाहेर. पगार आणि पदर. आणि आठवण–अडचण. शेवटचा ण ठळक ऐकू येतो, मधलं बोलणारा खाऊन टाकतो, आणि यंत्र अंदाज करतं. माझा दुसरा मुद्दा व्याकरणाचा आहे. तुझं येणं आईला अडचणीचं वाटलं असतं तर ती ‘अडचण होईल’ म्हणाली असती. वाक्यात ‘होते’ आहे. तू तेव्हा घरात नव्हतीस. जी घरात नाही तिची अडचण होत नाही; आठवण होते.

आईला विचारलं. ती म्हणाली, ‘दीड वर्षापूर्वी मी काय बोलले ते आता कुठलं आठवायला? तुझ्या त्या मशीनलाच विचार.’

तर मशीनला विचारते. चाचणीत असलेल्या माणसांच्या आवाजाच्या क्लिपा कंपनीकडे दोन वर्षं राहतात. ती क्लिप हाती येईपर्यंत एवढंच लक्षात घे की ते वाक्य तसं नसावं.

माझं इकडे ठीक चाललं आहे. मधे माझं एका ठिकाणी ठरत होतं, ते झालं नाही. लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

मानसी


बेहाला
२८ जून

ताई,

पहिलं पत्र मिळालं असेल असं धरून चालते. पोस्टाच्या साइटवर ‘वितरित’ असं दिसतं. ते कोणाच्या हातात दिलं हे साइट सांगत नाही.

क्लिप मिळवायला वेळ लागतो आहे. आपल्याच घरातल्या माणसाची क्लिप असली तरी मला ती उघडून ऐकता येत नाही. नियम बरोबर आहे. मी असते तर मीही तसाच केला असता. आईने स्वतः अर्ज करायचा, तिच्या फोनवर ओटीपी येणार, तो भरायचा, मग क्लिप तिला मिळणार. तिच्या नव्या फोनवर ओटीपी येतो तो वाचेपर्यंत जातो. परवा तिने चष्मा शोधला, तेवढ्यात मुदत संपली. काल तिने तो इतक्या मोठ्याने वाचला की शेजारच्या मुखर्जीकाकूंनाही कळला असेल, पण मागून पुढे वाचला. ‘बंगाली आकडे उलटे वाचतात का ग?’ असं वर मलाच विचारलं.

मुखर्जीकाकूंवरून सांगते. मागच्या आठवड्यात काकूंनी आईला बोलावलं. आईने माइकमध्ये ‘बरं, येते’ म्हटलं. कीबोर्ड बंगालीवर राहिला होता. त्याने फक्त ‘बर’ एवढंच ऐकलं आणि पाठवून दिलं. बंगालीत बर म्हणजे नवरदेव. संध्याकाळी काकू संदेश मिठाईचा डबा घेऊन दारात. ‘मानोशीर बर? कोबे? आमाके बोलोनि केनो?’ म्हणजे मानसीचा नवरदेव, कधी, आणि मला का नाही सांगितलं. आई त्यांना समजावत राहिली, मी आत जाऊन संदेश खाल्ला.

हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळे हसले. सुचित्रादी हसल्या नाहीत. त्या आमच्या टीमच्या प्रमुख आहेत. माझ्या नावाचा उच्चार त्याही मानोशी असाच करतात. त्यांनी विचारलं, ‘मग तोडगा काय?’ माझ्याकडे एक कल्पना होती. तुझ्या मेसेजवरूनच सुचली, म्हणून तुला सांगते.

कथाला आवाज ऐकू येतो, पण कोण कोणाशी बोलतंय हे कळत नाही. फोनमध्ये मात्र नंबर ‘आभा’, ‘जावई’, ‘दूधवाला’ अशा नावांनी असतात, आणि आधीच्या मेसेजांवरून नातं ओळखता येतं. ते नातं कथाला दिलं, तर दोन शब्दांत शंका असेल तिथे तो नात्याला साजेसा शब्द घेईल. आई मुलीला लिहीत असेल तर आठवण. भाडेकरू घरमालकाला लिहीत असेल तर अडचण. करायला फार अवघड नाही. सुचित्रादी म्हणाल्या, ‘करून दाखव.’

मी करते आहे. बऱ्याच दिवसांनी ऑफिसात बसावंसं वाटतं आहे.

क्लिप हातात आली की तुला पाठवते. मग माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायची गरज राहणार नाही, तू स्वतःच ऐकशील.

मानसी


बेहाला
१९ जुलै

ताई,

क्लिप मिळाली. आवाज तितकासा स्पष्ट नाही. मागे कुकरची शिट्टी आहे. नीट ऐकायला थोडा वेळ लागेल.

बाकी विशेष नाही. आमच्या इमारतीत चेहरा ओळखणारं नवं फाटक बसवलं आहे. ते मला आत सोडतं, बाहेर सोडत नाही. बाहेर पडताना चेहरा वेगळा दिसतो म्हणे. सुरक्षारक्षक रोज हाताने उघडतात.

नात्याची सुविधा तयार झाली. चाचणीत चुका बऱ्याच कमी झाल्या. सुचित्रादींनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. ऑगस्टमध्ये ती सगळ्यांच्या फोनवर जाईल.

आईला तुझ्याबद्दल काही विचारलेलं नाही.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

मानसी


बेहाला
३ ऑगस्ट

ताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं की आवाज स्पष्ट नाही. ते खरं नव्हतं. आवाज स्पष्ट आहे. आम्ही स्टुडिओत रेकॉर्ड करतो त्यातले काही नमुनेही इतके स्वच्छ नसतात. मी ते वाक्य हेडफोनवर ऐकलं, वेग कमी करून ऐकलं, आवाजाचा आलेख काढून पाहिला. आठवणमध्ये ठ नंतर जी हवा बाहेर पडते ती तिथे नाही. च आहे. शंकेला जागा नाही.

आई अडचणच म्हणाली होती. यंत्राने बरोबर लिहिलं.

हे तुला न लिहिणं सोपं होतं. ‘आठवण निघाली’ असं मी लिहिलं असतं तर तू तपासू शकली नसतीस, आणि कदाचित आलीही असतीस. दोन आठवडे मी ते पत्र मनात लिहीत होते. पण मग तू आली असतीस आणि आई तुझ्याशी तिच्या पद्धतीने वागली असती, आणि तुला एका दिवसात कळलं असतं. शिवाय, जे ऐकलं ते ऐकलं. त्याच्याखाली दुसरं लिहिणं मला जमत नाही.

अजून आहे, तेही लिहिते. तुला आलं ते फक्त शेवटचं वाक्य होतं. क्लिप त्याआधीपासून आहे. आई माइक दाबून आधी बरंच बोलली, ते पडद्यावर उमटलं, मग तिने ते पुसलं आणि शेवटचं तेवढं ठेवून पाठवलं. क्लिपमध्ये पुसलेलंही ऐकू येतं. ती म्हणते :

‘आभा, आत्ता नको येऊस. मानसीचं ठरतंय. उन्मेषची आई परवा फोनवर विचारत होती, थोरली दिवाळीलाही माहेरी आली नाही का, तिचं सगळं बरं आहे ना. काय सांगायचं लोकांना? घरात तुझी फार अडचण होते.’

उन्मेष म्हणजे ज्याच्याशी माझं ठरत होतं तो. पुण्याचा, न्यू टाउनला नोकरीला.

तेव्हा माझा व्याकरणाचा मुद्दाही चुकला. ‘होते’ बरोबर होतं. तू यायच्या आधीच, इथे नसतानाच तुझी अडचण होत होती. माझ्यामुळे.

आणि क्लिपच्या शेवटी, कुकरच्या शिट्टीनंतर, आतल्या खोलीतून आवाज येतो : ‘आई, माझा चार्जर पाहिलास का?’ तो माझा आहे. आई म्हणते, ‘टीव्हीमागे बघ.’ मग क्लिप संपते. म्हणजे तुला तो मेसेज गेला तेव्हा मी दहा पावलांवर होते आणि मला टीव्हीमागे चार्जर सापडला. तो प्रसंग मला आठवत नाही. चार्जर रोजच हरवतो.

उन्मेषकडच्यांनी पुढे मार्चमध्ये नकार कळवला. पत्रिका जुळत नाही असं कारण दिलं. खरं कारण आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला त्याचं फार वाटलं नाही, हे तुला सांगावं की नाही कळत नव्हतं. तुला बाहेर ठेवून जे वाचवायचं होतं, ते मला तितकंसं हवंही नव्हतं. पण मला कोणी विचारलं नव्हतं. तुलाही नाही.

आईशी काल बोलले. ती बोटांना तेल लावून केळफूल सोलत बसली होती.

‘आई, ती क्लिप ऐकली.’

‘कसली?’

‘आभाताईला मेसेज केला होतास ती. तू अडचणच म्हणाली होतीस.’

ती सोलत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणाले असेन. मशीन कशाला खोटं लिहील?’

‘मग एवढे दिवस मला शोधू का दिलंस? ओटीपी कशाला दिलास?’

‘तू म्हणत होतीस ना, मशीन चुकतं म्हणून. इतकी शिकलेली तू. मला वाटलं, चुकलंही असेल. चुकलं असतं तर बरंच झालं असतं.’

‘तिने विचारलं होतं, घरी येऊ का.’

‘माहितेय मला काय विचारलं होतं ते. तुझ्यासाठीच केलं ना?’

‘मी सांगितलं होतं तुला?’

‘अशा गोष्टी मुली सांगत नाहीत, मनू. आयांना कळतात.’

‘आणि आभाताईचं? ते नाही कळलं?’

तिने वाटी माझ्याकडे सरकवली. म्हणाली, ‘यात मिठाचं पाणी आण, काळं पडेल नाहीतर.’ मी आणून दिलं. जेवताना तिने मला भाजी वाढली आणि स्वतः घेतली नाही.

ऑफिसचंही सांगते, कारण ते याच्याशी जोडलेलं आहे. मी सुचित्रादींकडे गेले आणि नात्याची सुविधा थांबवा म्हणाले.

‘का? चुका वाढल्या?’

‘नाही. कमीच झाल्या.’

‘मग?’

‘एखादी आई मुलीला खरंच अडचण म्हणाली, तर कथा आठवण लिहील.’

‘मानोशी, कुठली आई मुलीला असं म्हणते? हजारात एक?’

‘एक तरी.’

‘मग त्या एकीने हाताने टाइप करावं.’

त्यांचं चुकत नव्हतं. आकडे त्यांच्या बाजूने आहेत, आणि ते मीच काढून दिले आहेत. परवा ती सुविधा सगळीकडे गेली. आईच्या फोनवरही आपोआप आली. मी करून पाहिलं. आईच्या फोनवर तुझं नाव काढून मी माइकमध्ये ‘अडचण’ म्हटलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. त्याने ‘आठवण’ लिहिलं. शब्दाखाली शंकेची लाल रेघसुद्धा नाही. पाठवलं नाही, पुसून टाकलं. तसंही ते तुझ्यापर्यंत पोचलं नसतं.

म्हणजे उद्या आईने तुला खरंच ‘आठवण होते’ म्हणून पाठवलं, तरी ती काय म्हणाली हे तुला कळायचा मार्ग मी बंद केला आहे. दुरुस्ती करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. तक्रार करता येते. तक्रार माझ्याकडेच येते.

एक शेवटचं. सुचित्रादींना ग्राहकांसमोरच्या कार्यक्रमात ती क्लिप वाजवायची आहे. आई आणि मुलीचं उदाहरण म्हणून. टीमच्या प्रमुखांना चाचणीतल्या क्लिपा वापरायची परवानगी असते. सुरुवातीला मीच त्यांना सांगितलं होतं की अशी एक क्लिप आहे. ते मी होऊ देणार नाही.

तुला घरी ये असं मी म्हणत नाही. ते आईने म्हणायला हवं.

मानसी


बेहाला
३० ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर आईने ओळखलं. तिने ते उघडलं नाही. मी ऑफिसातून येईपर्यंत फ्रिजवर ठेवलं होतं, आणि मी वाचत असताना ती गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढत होती. चार कपड्यांना बराच वेळ लावला.

तू लिहितेस, ‘ते मशीनने लिहिलं असं मला एकदाही वाटलं नाही. आईचं वाक्य मला ओळखता येतं. तू एवढी खटपट कशाला केलीस तेही कळतं. मी येणार नाही. तुझ्यावर राग नाही, तुझं लग्न मोडलं त्यात मला आनंद नाही. एकच कर. ती क्लिप पेनड्राइव्हवर घालून पाठव. तीत काय आहे ते तू लिहिलंच आहेस. मला फक्त आईचा आवाज ऐकायचा आहे.’

ताई, क्लिप उरलेली नाही.

कार्यक्रमात ती वाजवली जाऊ नये याचा खात्रीचा उपाय एकच होता. आईने चाचणीतून नाव काढून घ्यायचं. नाव काढलं की त्या माणसाचे सगळे आवाज पुसले जातात, सर्व्हरवरून आणि राखीव प्रतींतूनही. आईकडून ते मी करून घेतलं. या वेळी ओटीपी मीच भरला. मागची पत्रं लिहिताना तुला प्रत पाठवायचं म्हटलं होतं, पण आईला क्लिप नुसत्या लिंकवर मिळाली होती, आणि ऐकल्यावर मी तिची प्रत उतरवून घेतली नव्हती. तू ते ऐकावंस असं मला वाटत नव्हतं. पुसण्याची व्यवस्था आमच्याच टीमने तपासलेली आहे आणि ती चोख आहे. मी आत विचारून पाहिलं, काही परत आणता येईल का. येत नाही. मला ते माहीत होतं, तरी विचारलं.

मग दुसरीकडे कुठे आईचा आवाज आहे का ते शोधलं. जुना फोन, त्याच्याही आधीचा फोन, माझा लॅपटॉप. फोटो आहेत. मंडळाच्या गणपतीतले तीन व्हिडिओ आहेत. त्यात ती आरतीच्या ताटामागे उभी आहे आणि आवाज ढोलाचा आहे. व्हॉइस मेसेज एकही नाही. तिला बोललेलं टाइप करायला मीच शिकवलं होतं ना. तेव्हापासून ती तुझ्याशी, माझ्याशी, मावशीशी, दूधवाल्याशी, सगळ्यांशी बोललीच आहे, आणि त्या सगळ्याची अक्षरं झाली. आवाज कुठेच राहिला नाही. ज्या एका ठिकाणी राहिला होता तिथून मी तो काढला.

मी तिला म्हणाले, ताईला तुझा आवाज ऐकायचा आहे, नवीन रेकॉर्ड करू. तिने पदराने तोंड पुसलं, फोटो काढताना पुसते तसं. फोन तिच्यापुढे धरला.

‘काय बोलू?’

‘काहीही.’

‘काहीही कसं बोलू? तिने विचारलंय काय?’

‘काही नाही विचारलं. आवाज ऐकायचाय म्हणते.’

‘एवढंच?’

‘एवढंच.’

ती फोनकडे पाहत राहिली. आकडे पुढे सरकत होते. मग तिने हाताने फोन बाजूला केला आणि हिंदीत, जशी बँकेतल्या माणसाशी बोलते तशी, म्हणाली, ‘बाद में.’ दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं. म्हणाली, ‘घसा बसलाय.’ तिसऱ्या दिवशी मी काही न बोलताच ती म्हणाली, ‘मला नाही जमत, मनू. तूच काहीतरी लिही तिला.’ आजही रेकॉर्ड सुरू केलं. त्यात पंखा ऐकू येतो, आणि एकदा तिची बांगडी. ते तुला पाठवत नाही.

तिच्या नकळत रेकॉर्ड करता आलं असतं. ते मी करणार नाही.

मला सुचलं तेवढं सांगते. आईचा नंबर तोच आहे. अनोळखी नंबर उचलू नकोस असं मी तिला बजावत असते. फसवणुकीचे फोन फार येतात. ती ऐकत नाही, प्रत्येक फोन उचलते. कोणाचं काही अडलं असलं तर, असं म्हणते. दुपारी मी ऑफिसात असते, ती एकटी असते. शाळेतल्या फोनवरून कर. तो नंबर तिच्याकडे नाही, आणि मी तिला काही सांगणार नाही.

तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. ती म्हणेल, ‘हॅलो, कोण?’ मग थोडं थांबून ‘कौन बोल रहा है?’ आणि मग, तिला येतं तसं, ‘के बोलछेन?’ मग पुन्हा मराठीत. पलीकडून काही ऐकू आलं नाही तरी ती लगेच फोन ठेवत नाही.

मानसी